टिनी बोर्ड: अखेर लॉगिन दिसलं

डॅलस सेमीकंडक्टरचा टिनी बोर्ड, टीबीएम390, म्हणजे जावा प्रोग्राम चालवणारा छोटासा नेटवर्क संगणक, जुन्या सामानात ई10 सॉकेटसकट (तो ज्यात बसतो त्या पाटीसकट) हाती लागला. जुन्या 72 पिनांच्या सिम रॅमएवढी पट्टी. त्यावर 8051 च्या घराण्यातला मायक्रोकंट्रोलर डीएस80सी390, 10 मेगाबिटचं इथरनेट, सिरियल, कॅन (गाड्यांमध्ये वापरतात ते नेटवर्क) आणि वन-वायर (एकाच डेटा तारेवर चालणारी जोडणी). इथरनेटचा मॅक पत्तासुद्धा डीएस2502 या वन-वायर चिपमध्येच ठेवलाय, हे मला फार आवडलं.

पहिली संध्याकाळ जावाकिट या, पीसीवरून बोर्डात फर्मवेअर चढवणाऱ्या प्रोग्रामनेच खाल्ली. सिरियल पोर्टची यादी रिकामी. जुन्या लॅपटॉपवर 32 बिटी जावा 1.3 टाकलं आणि तीन फायली आपापल्या जागी ठेवल्या: कॉम डॉट जार लिब/एक्स्टमध्ये, विन32कॉम डॉट डीएलएल बिनमध्ये, जावाएक्स डॉट कॉम डॉट प्रॉपर्टीज लिबमध्ये. तिसरी फाइल राहिली की पोर्ट दिसतच नाहीत. केबल सरळ हवी, डीटीआरची (सिरियल पोर्टवरच्या एका नियंत्रण सिग्नलची) तार जोडलेली हवी, कारण रीसेट तिच्यावरूनच होतो. वेग 115200. रीसेट दाबला आणि लोडर (बोर्डावरचा, फर्मवेअर चढवून घेणारा छोटा प्रोग्राम) बोलला!

टिनी डॉट टीबिन (फर्मवेअर) आणि स्लश डॉट टीबिन (त्यावर चालणारा कमांड शेल) चढवल्या, तरी बूट अर्ध्यातच अडकत होतं. दोन दिवस मी फर्मवेअरवर संशय घेत बसलो. दोष हीपचा, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या मेमरीचा होता. टिनीची फाइल सिस्टिम हीपमध्ये, म्हणजे लिथियम सेलवर तगणाऱ्या एसरॅममध्ये असते. सेल संपलेला, त्यामुळे चालू करताना तिथे कचराच भरलेला. लोडरवर बी18 (मेमरीचा 18 वा तुकडा, म्हणजे बँक, निवड), मग एफ0 (शून्याने भर), मग ई (बाहेर पड) एवढं दिलं. हीप शून्याने भरली आणि लॉगिन आलं. रूट, पासवर्ड टिनी. जुना बोर्ड घेतलात तर हे सगळ्यात आधी करा.

मग आयपीकॉन्फिगने पत्ता दिला आणि घरातल्या राउटरवरून टेलनेट (नेटवर्कवरून दुरून लॉगिन) लागलं. एलईडी लुकलुकवायचा प्रोग्राम जावासीला (जावाच्या कंपायलरला) टार्गेट 1.1 सांगून कंपाइल केला, टिनीकन्व्हर्टरमधून (बोर्डाला चालेल अशी फाइल बनवणाऱ्या साधनातून) काढला आणि एफटीपीने पाठवला. पाठवताना बायनरी मोड विसरू नका, आस्की मोडमध्ये फाइल बिघडते. बारीकसा हिरवा दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

सेल बदलेपर्यंत वीज गेली की फायली पुसल्या जातात, घड्याळही विसरतं. म्हणून प्रोग्राम पक्का झाला की स्लशच्या जागी थेट फ्लॅशच्या 47 व्या बँकेत बसवणार आहे. फ्लॅशला सेल लागत नाही. पण तेव्हा टेलनेट आणि एफटीपीही जातील, म्हणून आत्ताच घाई करत नाही.

सध्या आरजे11 च्या खोबणीत (वन-वायरच्या जोडणीत) डीएस18एस20 हा तापमान सेन्सर लावलाय. पहिलं रीडिंग 85 अंश आलं. ते तापमान नव्हे, रूपांतर न होताच वाचलं की हा आकडा मिळतो. 750 मिलिसेकंद थांबून वाचलं, तर 28.5. उद्या तो गच्चीवरच्या टाकीपर्यंत न्यायचाय, तार साधारण 12 मीटर.