रेल्वे खातं कुणाकडे?

आठवीच्या नागरिकशास्त्रात ‘राज्यशासन’ हा धडा आला की मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि विसरून जातात. काहूट या ऑनलाइन प्रश्नोत्तरांच्या खेळावर प्रश्नमंजूषा घेतली की वर्ग खूश होतो, पण चारांतला बरोबर पर्याय पटकन दाबता आला म्हणजे राज्यकारभार कळला असं नाही. म्हणून यंदा भुसावळच्या आमच्या शाळेतल्या संगणक कक्षात मी सरकार बनवण्याचाच खेळ मांडला. सगळ्यांना एकाच वेळी दिसणारी गुगल शीट, चार गट, चार काल्पनिक पक्ष. विधानसभेच्या २८८ जागा मी आधीच वाटून ठेवल्या होत्या: १०४, ८६, ६०, ३८. युती नोंदवली की बेरीज आपोआप होणार आणि १४५ गाठले की वरची पट्टी हिरवी होणार.

१०४ वाल्यांनी आधी मुख्यमंत्री ठरवला, मग ३८ वाल्यांना सोबत घेतलं. बेरीज १४२. तीन कमी! तेवढ्यात ८६ आणि ६० चं जुळलं, १४६ झाले आणि पट्टी हिरवी झाली.

“मॅडम, ही चीटिंग आहे! सगळ्यांत जास्त जागा आमच्या आहेत.”

मी काही बोलायच्या आत ६० वाल्यांची नेता उठली. एरवी हजेरीपलीकडे या मुलीचा आवाज ऐकू येत नाही. “जास्त आहेत, पण निम्म्याहून जास्त कुठे आहेत?” ती म्हणाली. बहुमत मी इतकी वर्षं फळ्यावर समजावते आहे, पण इतकं नेमकं मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

मग मंत्रिपदं. ८६ वाल्यांनी आपल्यासाठी तीस धरली होती आणि पाठिंब्याच्या बदल्यात ६० वाल्यांना पंचवीस कबूल केली होती. चव्वेचाळिसावं नाव टाकताच रकाना लाल झाला. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या मुख्यमंत्र्यांसह सभागृहाच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे आपल्याकडे ४३. आता बारा जणांना नाही म्हणायचं होतं. ते कुणी सांगायचं यावर दोन्ही गट हमरीतुमरीवर आले आणि युती मोडते की काय असं वाटू लागलं. मी मध्ये पडले नाही. शेवटी बारा नावं त्यांनीच खोडली.

खरी गंमत खातेवाटपात झाली. रेल्वे कॉलनीतला एक मुलगा यादी वरखाली करत राहिला. “मॅडम, रेल्वे खातं राहिलंय.” नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. भुसावळात राहून रेल्वे नाही म्हणजे काय! जंक्शन इथलं, त्याचे वडील रेल्वेत, अर्धा वर्ग रेल्वे कॉलनीतला. कोणत्या विषयावर कायदे केंद्राने करायचे, कोणत्यावर राज्याने आणि कोणत्यावर दोघांनी, हे सांगणारी संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची मुलांनी सातवीत पाठ केली होती, ती तेव्हा कुठे कामाला आली. रेल्वे संघसूचीत, म्हणून दिल्लीकडे. पोलीस राज्यसूचीत, म्हणून आपल्या गृह खात्याकडे.

“मग स्टेशनवरचे पोलीस कुणाचे?” मागून कुणीतरी विचारलं.

उत्तर त्याच मुलाकडे होतं. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) रेल्वेचं आणि जीआरपी (लोहमार्ग पोलीस) महाराष्ट्र पोलिसांचं, हे त्याला घरीच ठाऊक होतं. फलाटावर कुणाची बॅग चोरीला गेली तर गुन्हा जीआरपी नोंदवते, म्हणजे राज्याचे पोलीस. रेल्वेच्या मालमत्तेची राखण आरपीएफची, म्हणजे केंद्राची. संघराज्य म्हणजे काय हे रोज डोळ्यांसमोर असतं आणि आपण मुलांना सूचीतले विषय मोजायला लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

“आणि आपली शाळा?” लगेच पुढचा प्रश्न. शिक्षण आधी राज्यसूचीत होतं, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं, म्हणून केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. तास संपला तरी कुणी जागचं हलेना.

पुढच्या तासाला लोकसभेची शीट उघडली. ५४३ जागा, बहुमत २७२. मंत्री जास्तीत जास्त ८१, हे मुलांनी मला न विचारता काढलं. आणि युतीची बोलणी सुरू झाली तेव्हा चारही गटांची पहिली अट एकच होती, रेल्वे आम्हाला.