सगळीकडे १२०/८०

ती स्वतःला दाखवायला आलीच नव्हती. लसीकरणाचा दिवस होता आणि भावजयीच्या लेकराला घेऊन ती आमच्या आरोग्य केंद्रात आली होती. पहिलटकरीण, आठवा महिना, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. बाकावर बसून सारखी कपाळ दाबत होती. विचारलं तर तिची माय म्हणाली, "काही नाही जी सिस्टर, उन्हात कापूस वेचला, डोकं धरलं तिचं."

"डोळ्यापुढं अंधारी येते का गं?"

"हाव. अन् इथं दुखून राह्यलं," म्हणत तिनं बरगड्यांच्या मधोमध हात ठेवला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, जोडवी काढून ठेवलेली.

पाच मिनिटं टेकवून बसवलं, मग बीपी घेतला. १७०/११०. थोड्या वेळानं पुन्हा घेतला, तेवढाच. लघवीत प्रोटीन तीन प्लस. १४०/९० लाच आम्ही सावध होतो. इथं तर फेफऱ्यासारखे झटके कधीही आले असते.

डॉक्टर तालुक्याला मीटिंगला. फोनवर म्हणाले, "निफेडिपिन गिळायला द्या, मॅगसल्फ द्या, पाठवा." पहिली बीपी उतरवायची गोळी, दुसरं झटके टाळणारं इंजेक्शन.

मॅगसल्फच्या एका ॲम्प्युलमध्ये दोन मिली, म्हणजे एक ग्रॅम. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल. म्हणजे दहा ॲम्प्युल फोडायच्या, फार दुखतं म्हणून प्रत्येक सिरिंजमध्ये एक मिली लिग्नोकेन घालायचं, आणि सावकाश द्यायचं. हे औषध अंगात जास्त झालं तर श्वास मंदावतो, म्हणून श्वास मोजले, गुडघ्यावर ठोकून पाय उडतो का पाहिलं, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवलं. श्वास बंद पडेल या भीतीनं पुष्कळ ठिकाणी हा डोस न देताच बाई पुढे पाठवतात आणि ती रस्त्यातच झटके देते. इतक्या तयारीनं दिलेल्या पहिल्या डोसाला एवढं भ्यायचं कारण नाही, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

१०८ येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि तिचं माता-बाल कार्ड उघडलं. सासरच्या उपकेंद्रातल्या नोंदी होत्या. बीपी प्रत्येक वेळी १२०/८०. वजन मात्र शेवटच्या महिन्यात ५२ वरून थेट ५६. महिन्यात तीन किलोच्या वर वजन चढलं की बीपीचा संशय घ्यायचा, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात.

यवतमाळला सिझर झालं. झटका आला नाही. बाळ दीड किलोच्या आसपासचं, काही दिवस पेटीत होतं. आता दोघं घरी आहेत. माय म्हणते, "मोकळी झाली ना, आता कायले गोळ्या?" बाळंतपणानंतरही झटका येऊ शकतो, म्हणून आशाताई बीपी तपासायला तिला आठवड्याला घेऊन येतात.

मी त्या उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, "ताई, मशीन बंद आहे, मागणी केलेली आहे. रकाना रिकामा दिसला की बोलणी बसतात." ती खरं बोलते, मला माहीत आहे. आढावा बैठकीत रकाने भरले की नाही तेवढंच पाहतात. तरी तो रिकामा असता तर आशाताईनं, डॉक्टरनं, कुणीतरी विचारलं असतं. १२०/८० पाहून कोण विचारणार?

हा बीपी आठ-दहा दिवसांतही चढू शकतो, म्हणजे तिथं मशीन असतं तरी सापडला असताच असं नाही. पण काट्यावर चार किलो वाढलेले त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले. त्या दिवशी तरी शेजारच्या केंद्रातून मशीन का मागवलं नाही, हे मी तिला विचारलं. तिनं फोन ठेवला.