वीस रुपयांची जाग

दुपारी तीनच्या सुमारास सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमधून पोरं टपरीवर उतरतात. पूर्वी या वेळी हातोहाती कटिंगचे ग्लास दिसायचे. परवा पाहिलं तर निम्म्यांच्या हातात एनर्जी ड्रिंकची वीस रुपयांची ती लालभडक बाटली.

मला छापील काहीही वाचायची खोड आहे. भेळेचा कागदसुद्धा सोडत नाही. एक बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवला. लहान मुलांसाठी नाही, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी नाही, कॅफीन सोसत नसेल त्यांच्यासाठी नाही, दिवसाला ५०० मिलीच्या वर नाही. टपरीवाला म्हणाला, "काका, घ्यायची नसेल तर ठेवा, गरम होते."

आमच्याकडे चहाचंही जवळपास असंच होतं. "चहा प्यायलं की पोर काळं पडतं," ही आजीची धमकी. दहावीत बढती मिळाली. पहाटे चारला स्टोव्हची फरफर ऐकू यायची, गवती चहाचा वास यायचा. कप पुढ्यात ठेवून आई समोरच तांदूळ निवडत बसायची. पहाटे चारला तांदूळ निवडायची काय घाई होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. रात्री दहा वाजले की मात्र ती उठून सरळ दिवाच बंद करायची. प्रमेय अर्धं राहिलं तरी.

दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, तेच झोपेचं बोलावणं. कॅफीन नेमकं त्याच्या जागेवर जाऊन बसतं. थकवा आहे तिथेच असतो, फक्त निरोप पोचत नाही. आपल्याकडे अशा पेयात लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५. रात्री नऊला प्यायलेल्यातलं निम्मं दोन-अडीचलाही अंगात असू शकतं. आता पडल्या पडल्या छातीत धडधडतंय, ते बाटलीमुळे की परीक्षेच्या कटऑफच्या धास्तीमुळे, हे या पोरांनी भाड्याच्या कॉटवर ओळखायचं कसं?

शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकू देणार नाही, असं २०२४च्या जुलैत विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं. शाळेचं ठीक आहे. ही पोरं पंचविशीची, परभणी-लातूरकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी. दिवा बंद करणारं कुणी यांच्या ५०० मीटरच्या आत नाही.

शेजारच्याला विचारलं, "झोप लागते का रे नीट?"

"प्रीलिम होऊ दे, काका." मग बाटलीचं झाकण घट्ट करत म्हणाला, "घरी रोज फोनवर सांगतो, जेवलो, आता झोपतोच आहे."