एक्स११ फॉरवर्डिंग अडलं, आणि कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये निघालं

‘एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड ऑन चॅनल झीरो.’ एसएसएचने (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) जोडलेल्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमची खिडकी आपल्या स्क्रीनवर आणणं म्हणजे एक्स११ फॉरवर्डिंग; ते जमलं नाही की ही ओळ येते. या एका ओळीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. सर्व्हरवर एक्सऑथ (खिडक्या उघडायच्या परवानगीची कुकी सांभाळणारा प्रोग्रॅम) नसेल तरी हीच ओळ, फॉरवर्डिंग बंद असेल तरी हीच, आणि माझ्याकडे जे झालं होतं त्यालाही हीच. लॉगिन मात्र बिनबोभाट होतं.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. माझ्या मशीनवर एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या काढणारा प्रोग्रॅम) चालू (मॅकवर त्यासाठी एक्सक्वार्ट्झ लागतं), एसएसएचडीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएच प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये ‘एक्स११फॉरवर्डिंग येस’, एक्सऑथही बसवलेलं. तरी खिडकी कुठे उघडायची ते प्रोग्रॅमला सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल रिकामं. तिथे ‘लोकलहोस्ट:१०.०’ असं काहीतरी दिसायला हवं. त्यातला १० हा एसएसएचडीचा ठरलेला ऑफसेट, म्हणजे नंबर जिथून सुरू होतात तो आकडा. तेव्हा सर्व्हरवर ६०१० हा पोर्ट उघडलेला असतो.

‘डिस्प्ले हाताने सेट कर’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. पोर्टच उघडला नसेल तर व्हेरिएबल भरून काय होणार? शिवाय ती ओळ बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये) राहून गेली, की पुढे एसएसएचडीने दिलेली बरोबर किंमतही पुसली जाते.

एसएसएचला मायनस व्ही (तपशील दाखवणारा पर्याय) लावून पाहिलं. विनंती गेली आणि नाकारली गेली, एवढंच कळलं. माझ्या बाबतीत का नाकारली हे सर्व्हरच्या लॉगमध्येच लिहिलेलं होतं, आणि तो बघायची परवानगी मला नव्हती. ‘फायरवॉल बघा’, ‘क्लायंट बदलून बघा’ अशी उत्तरं येत राहिली. फायरवॉलचा इथे काय संबंध? सगळं त्याच एसएसएच कनेक्शनमधून जातं!

लॉग हाती आला आणि एका ओळीत उलगडा झाला: ‘फेल्ड टू अलोकेट इंटरनेट-डोमेन एक्स११ डिस्प्ले सॉकेट.’ त्या सर्व्हरवर आयपीव्ही६ (नेटवर्क पत्त्यांचा नवा प्रकार; जुना तो आयपीव्ही४) बंद केलेलं होतं. एसएसएचडी मात्र दोन्ही प्रकारच्या लूपबॅक पत्त्यांवर (मशीनने स्वतःशीच बोलायच्या) पोर्ट उघडायला जात होता. आयपीव्ही६चा पत्ता मिळेना, म्हणून तो आयपीव्ही४वर उघडलेलाही सोडून द्यायचा आणि पुढचा नंबर धरायचा. असं करत शेवटी हात वर. कॉन्फिगमध्ये ‘ॲड्रेसफॅमिली आयनेट’ (म्हणजे फक्त आयपीव्ही४ वापर) लिहून एसएसएचडी रीस्टार्ट केला, नव्याने लॉगिन केलं, आणि एक्सक्लॉकचं घड्याळ माझ्या स्क्रीनवर आलं. काय बरं वाटलं!

आणखी एक राहिलंच. सुडो करून, म्हणजे रूट (प्रशासक) म्हणून, प्रोग्रॅम चालवला आणि तो डिस्प्ले उघडत नसेल, तर फॉरवर्डिंगला दोष देऊ नका. कुकी तुमच्या होममधल्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये असते, रूटकडे नसते. डिस्क किंवा कोटा भरला असेल तर ही कुकी लिहिलीच जात नाही, तेही तपासा. आणि मायनस एक्सने (फॉरवर्डिंग मागणारा एसएसएचचा पर्याय) जोडल्यावर वीसेक मिनिटांनी नवीन खिडक्या उघडेनाशा झाल्या, तर ती ‘फॉरवर्डएक्स११टाइमआउट’ची मुदत असते. मायनस वायला (सर्व्हरवर पूर्ण विश्वास टाकणारा तसाच पर्याय) ती लागू नाही, पण तो पूर्ण विश्वासातल्या सर्व्हरसाठीच वापरा: तिथला प्रोग्रॅम तुमच्या कीबोर्डवर टाइप होणारंही वाचू शकतो.