मेडिक्लेमचं रिन्युअल आणि साहेबांचा सोपा उपाय

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत मार्च उजाडला की माझ्या टेबलावर ग्रुप मेडिक्लेमच्या, म्हणजे कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांच्या एकत्रित आरोग्य विम्याच्या, रिन्युअलची फाइल येते. मी एचआर आणि अ‍ॅडमिन दोन्ही बघते, त्यामुळे ब्रोकरचे फोन मलाच आणि फायनान्सच्या साहेबांची बोलणीही मलाच.

यंदाचा हिशोब असा. गेल्या वर्षीचा प्रीमियम 42 लाख, वर्षभरात पास झालेले क्लेम 51 लाख. म्हणजे क्लेम रेशो 121 टक्के. विमा कंपनीने थेट 61 लाखांचं कोटेशन पाठवलं, वर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, पण ग्रुप पॉलिसीवर तो आहे तसाच आहे. आणि आमच्यासारख्यांना त्याचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देण्यातून वजा करायची सोय, मिळत नाही. सगळा मिळून आकडा 72 लाखांच्या घरात.

साहेबांनी क्लेमचा तक्ता वरून खाली वाचला आणि म्हणाले, "मॅडम, अर्ध्याहून जास्त पैसे आई-वडिलांवर गेलेत. काढून टाका ना त्यांना."

कागदावर बरोबर आहे. पण आमच्याकडे मुलाखतीला येणारा तिशीतला इंजिनिअर पगारानंतर दुसरा प्रश्न हाच विचारतो, "पॅरेंट्स कव्हर आहेत का?" स्वतःच्या तब्येतीची त्याला काळजी नसते. गावाकडे वडिलांना शुगर असते, आईचे गुडघे गेलेले असतात, आणि बाहेर त्यांची पॉलिसी काढायची म्हटली तर प्रीमियम अवाच्या सवा आणि जुन्या आजारांना वेटिंग पीरियड, म्हणजे तोवर त्यांचे क्लेम नाहीत. आमच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजारही पहिल्या दिवसापासून चालतात. चाकणच्या मोठ्या कंपन्यांइतका पगार आम्ही देऊ शकत नाही. माणूस टिकतो तो अशाच गोष्टींवर.

दुसरा पर्याय ब्रोकरने सुचवला: आई-वडिलांचं कव्हर ऐच्छिक करा, ज्याला हवं त्याने पूर्ण पैसे भरावेत. हा तर त्याहून वाईट. ज्यांचे आई-वडील ठणठणीत ते बाहेर पडतात, ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय ते आत येतात. दोन वर्षांत प्रीमियम इतका चढतो की उरलेलेही परवडत नाही म्हणून सोडतात.

म्हणून मधला रस्ता काढला. कर्मचारी, बायको किंवा नवरा आणि मुलं यांचा प्रीमियम पूर्ण कंपनीचा. आई-वडिलांच्या प्रीमियममधला एक तृतीयांश कर्मचाऱ्याचा, पगारातून दरमहा साधारण साडेचारशे रुपये. त्यांच्या क्लेमवर 20 टक्के को-पे, म्हणजे बिलातला तेवढा हिस्सा कर्मचाऱ्याने भरायचा, मोतीबिंदूला ठरावीक मर्यादा. नाव घालायची संधी नोकरीला लागताना किंवा रिन्युअलच्या वेळी, मधेच नाही. आई-वडिलांसाठी भरलेल्या हिश्शावर आयकरात वजावट मिळते, अर्थात जुनी करप्रणाली ठेवली असेल तरच.

फॉर्मवर "आई-वडील किंवा सासू-सासरे" असा रकाना आहे, कोणतीही एकच जोडी. क्वालिटीतल्या एका मुलीला भाऊ नाही, तिने सरळ आई-वडिलांवर टिक केली आणि विचारलं, "घरी कळवत नाही ना तुम्ही?" नाही बाई, कळवत नाही.

रूम रेंटवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण खरी गळती तिथे आहे. तीन लाखांच्या कव्हरला दिवसाची खोली एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. स्टोअर्समधल्या एकाने पित्ताशयाच्या ऑपरेशनला 6,000 ची सिंगल रूम घेतली. बिल 1,40,000. त्याला वाटलं, वरचे रोजचे तीन हजार आपण भरू. पण खोली मर्यादेच्या दुप्पट म्हटल्यावर त्याच प्रमाणात कपात झाली: तीन दिवसांचं भाडं, सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर सगळंच निम्मं पास झालं. औषधं आणि तपासण्यांचे 50,000 तेवढे पूर्ण मिळाले. उरलेल्या 90,000 पैकी 45,000 त्याच्या खिशातून. आणि बऱ्याच हॉस्पिटलांत खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांची फीही वाढते, तेव्हा आमचा क्लेमही फुगला तो वेगळाच.

पॉलिसीची इंग्रजी पीडीएफ मेलवर पाठवून हे कुणालाही कळत नाही. आता कँटीनच्या भिंतीवर हेच बिल, नाव झाकून, मराठीत लावलंय. शिवाय ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आधी मला फोन करायचा: कुठल्या हॉस्पिटलात कॅशलेस आहे, पॅकेज किती, ट्विन शेअरिंग (दोघांत एक खोली) मिळेल का, हे टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडून, आम्ही काढून देतो.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक काम केलं. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. खासगी विमा असला तरी चालतं. अट एवढीच की हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं. आधार कार्ड घेऊन या म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत रांग लावून कार्डं काढून दिली.

या सगळ्यानंतर कोटेशन 52 लाखांवर आलं. जीएसटी धरून 61, त्यातले दहा लाख कर्मचाऱ्यांच्या हिश्शाचे. गेल्या वर्षी जीएसटीसह साडेएकोणपन्नास गेले होते, यंदा कंपनीचे 51 जातील. साहेबांनी कपाळाला आठ्या घालत सही केली.

सुटलेलं नाही ते ईएसआयचं, म्हणजे कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या सरकारी विम्याचं. 2017 पासून पगाराची मर्यादा 21,000 वरच अडकलीय. असेंब्लीतल्या एकाला एप्रिलमध्ये वाढ मिळून पगार 21,600 होणार आहे. ईएसआयची नवी सहामाही एप्रिललाच सुरू होते, म्हणजे तेव्हापासूनच तो ईएसआयमधून बाहेर. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईचे उपचार मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात चालू आहेत, तेही फुकट. काल येऊन म्हणाला, "ताई, वाढ सहाशेने कमी करता येईल का?" मेडिक्लेममध्ये त्याच्या आईला पहिल्या दिवसापासून घेता येईल, पण रोजच्या गोळ्या आणि महिन्याची तपासणी त्यात बसत नाही. ओपीडीचं कव्हर मागितलं तर ब्रोकर जो आकडा सांगतो, तो साहेबांपुढे ठेवायची अजून माझी छाती झालेली नाही.