मामा तलावातून स्प्रिंट ट्रायथलॉनपर्यंत: माझा अनुभव

ट्रायथलॉन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आयर्नमॅन येतो. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं. ऐकूनच माणूस हात जोडतो. पण याच खेळात स्प्रिंट नावाचा छोटा प्रकार आहे: ७५० मीटर पोहायचं, २० किलोमीटर सायकल हाणायची, ५ किलोमीटर धावायचं. सिडनीत २००० साली ऑलिम्पिकमध्ये आलेल्या ट्रायथलॉनच्या बरोबर निम्मं अंतर. नोकरी आणि घर सांभाळून सकाळचा तासभर काढू शकणाऱ्या कोणत्याही धडधाकट माणसाला हे जमतं, असं मी छातीठोकपणे सांगते. भंडारा जिल्ह्यातल्या लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता मी तयारी केली आणि गेल्या हिवाळ्यात नागपूरकडच्या एका जलाशयावर ही शर्यत पूर्ण केली.

धावणं आधीपासून होतं. सायकल गिअरची घेतली आणि शाळेला जाण्यायेण्यात सवय झाली. प्रश्न होता पाण्याचा. पोहण्याचा टँक दूर शहरात. पण आमच्या भंडारा-गोंदियाकडे तलावांना तोटा नाही. कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले हे तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव राहिले आणि ‘माजी मालगुजारी’चं ‘मामा तलाव’ झालं. आमच्या गावच्या मामा तलावात मी लहानपणापासून डुंबत आलेय. मात्र डुंबणं वेगळं आणि न थांबता ७५० मीटर जाणं वेगळं. पन्नासेक हात मारले की दम लागायचा.

त्यावरचा उपाय तलावातच मासे धरणाऱ्या ढिवर काकांनी सांगितला. डोंग्यात बसून ते बराच वेळ माझं पाहत होते. म्हणाले, “मॅडम, पान्यासंग भांडून राहिल्या जी तुमी. श्वास पान्यातच सोडा, वर आल्यावर फक्त घ्या.” मी तोंड पाण्याखाली असताना श्वास कोंडून धरत होते, मग मान वळवल्यावर सोडायचाही तेव्हाच आणि घ्यायचाही तेव्हाच. एवढ्या वेळात ते होणार कसं? नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायची सवय लागली आणि अंतर आपोआप वाढत गेलं. दुसरी गोष्ट दिशेची. टँकमध्ये तळाला काळा पट्टा असतो, तलावात गढूळ हिरवं पाणी. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्यावर काढून पाळीवरचं मोहाचं झाड पाहायचं, एवढंच करायचं. कमळाच्या देठांची बाजू काकांनी आधीच बजावून ठेवली होती, तिकडे पाय अडकतो. कमरेला नारिंगी फुगा बांधल्याशिवाय आणि काका किंवा दुसरं कोणी काठावर असल्याशिवाय मी कधीच उतरले नाही. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं इतकं ते महत्त्वाचं आहे.

कपड्यांचंही सांगते, कारण बायका मला हेच आधी विचारतात. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी पहिले काही दिवस टक लावून पाहिलं. नंतर मी दिसले नाही की त्याच विचारायच्या, “काल काऊन नाही आल्या?”

सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव वेगळा करावा लागतो. पाय अक्षरशः आपले वाटत नाहीत. मांड्या इतका वेळ गोल फिरत असतात, अंगाचा भार सीटवर असतो. एकदम जमिनीवर पावलं टाकायची म्हटली की पोटऱ्या आखडतात. शेवटच्या किलोमीटरला हलका गिअर टाकून पायडल भरभर मारले की बराच फरक पडतो. धान कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रस्ता नकोसा होतो, तेव्हा मी उजाडताच निघायची.

शर्यतीच्या दिवशी सकाळी दोन केळी आणि गूळ-शेंगदाणे, तेही सुरू व्हायच्या दोन तास आधी. पाण्यात उतरल्यावर शंभर माणसांचे हातपाय एकाच वेळी चालतात, कोणाची लाथ कोणाला बसेल सांगता येत नाही. मी मुद्दाम कडेला आणि थोडी मागे राहिले. नियम इथे फार समंजस आहेत. कुठल्याही प्रकाराने पोहा, उताणं पोहलं तरी चालतं. धाप लागली तर उभ्या बोटीला धरून विसावता येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे माहीत असल्यानेच माझी अर्धी भीती गेली होती. बोटीला हात लावायची वेळ आली नाही.

सायकलचे नियम मात्र कडक. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि परत येऊन सायकल स्टँडला लावेपर्यंत तो सोडायचा नाही. थंडीने बोटं बधिर झालेली, पट्ट्याचं टोक खाचेत जाईना. मी हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडून ठेवलं होतं. मोजे अर्धे गुंडाळून बुटांवर ठेवले होते, कारण ओल्या पायावर सरळ मोजा चढता चढत नाही. या बदलाच्या जागेत जी मिनिटं वाचतात ती धावून वाचवायला फार घाम गाळावा लागतो. घरच्या अंगणात टॉवेल पसरून मी याचीही तालीम केली होती.

सायकल छान झाली. धावताना पहिला किलोमीटर जड गेला, दुसऱ्यापासून पाय मोकळे झाले आणि शेवटी तर मी दोघा-तिघांना मागे टाकलं. पावणेदोन तासांच्या आत मी रेषेपलीकडे होते. इतका आनंद मला आजवर क्वचितच झाला असेल. गावात फोन केला तेव्हा काकांनी पहिलं विचारलं, श्वास पुरला ना जी?

आता सातवीच्या मुली मागे लागल्यात, आम्हालाही शिकवा म्हणून. काका रविवारी शिकवायला तयार आहेत, पण त्यांची अट आहे की जॅकेटशिवाय एकही पोरगी पाण्यात उतरणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे लाईफ जॅकेटचा अर्ज दिला आहे, आणि पालकांच्या सभेत हा विषय मी स्वतः मांडणार आहे.