एनबीएचे हजार गुण आणि प्लेसमेंटचे चाळीस

प्रवेशाचे कॅप राउंड (केंद्रीय फेऱ्या) तोंडावर आले की अभियांत्रिकी कॉलेजांच्या गेटवर, एसटी स्टँडवर आणि पेपरच्या पहिल्या पानावर एकच ओळ झळकायला लागते: 'एनबीए मानांकित'. एनबीए म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशन. पालक ती वाचतात आणि मनातल्या मनात हिशोब करून टाकतात की मानांकन आहे म्हणजे पोराला नोकरी लागणार. कॉम्प्युटर शाखेच्या बाबतीत तर हा हिशोब हमखास होतो. मानांकन फुकाचं असतं असं मुळीच नाही. पण त्यात नेमकं काय मोजतात हे आकड्यांसकट पाहिलं, की त्या ओळीवर किती विसंबायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी एक गोंधळ निस्तरू. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मंजुरी म्हणजे कॉलेज चालवायचा परवाना. नॅक अख्ख्या संस्थेला श्रेणी देतं. एनबीए मानांकन देतं ते एकेका अभ्यासक्रमाला, म्हणजे शाखेला. त्यामुळे 'आमचं कॉलेज एनबीए मानांकित आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणती शाखा आणि कुठल्या वर्षापर्यंत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलला मिळालेलं मानांकन फलकावर मिरवायचं आणि प्रवेश मात्र 'एआय अँड डेटा सायन्स'ला द्यायचे, हा प्रकार सर्रास चालतो. मानांकनाला अर्ज करायचा तर त्या शाखेच्या निदान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे नव्याने निघालेल्या शाखेला पहिली पाचेक वर्षं ते मिळूच शकत नाही, कॉलेज कितीही नावाजलेलं असो. एनबीएच्या संकेतस्थळावर मानांकित अभ्यासक्रमांची यादी आहे. तिथे कॉलेजचं नाव टाकून शाखा आणि मुदत तपासायला पाच मिनिटं लागतात.

आता गुण. विद्यापीठाशी संलग्न, म्हणजे स्वायत्त नसलेली कॉलेजं टियर-2 मध्ये येतात. त्यांच्यासाठी 2015 साली आलेला स्वयंमूल्यांकन अहवालाचा नमुना 10 निकषांचा आणि 1000 गुणांचा आहे. कॉलेजात याला सगळे 'एसएआर' म्हणतात. आता नवा नमुना आला आहे आणि त्यात 12 प्रोग्रॅम आउटकम्सचे (पदवीअखेर विद्यार्थ्याला काय काय यायला हवं, त्या मुद्द्यांचे) 11 झाले आहेत, पण आज फलकांवर दिसणारी बरीचशी मानांकनं या जुन्या नमुन्यावरच मिळालेली आहेत. 750 च्या वर गुण आणि काही निकषांत किमान टक्के असतील तर 6 वर्षं, 600 च्या वर असतील तर 3 वर्षं, त्याखाली काही नाही. नेहमी पाहायला मिळतं ते 3 वर्षांचं.

या हजारात शिक्षकांना 200 गुण आहेत. विद्यार्थ्यांच्या कामगिरीला 150. अभ्यासक्रम आणि अध्यापनाला 120, कोर्स आउटकम (एखादा विषय शिकून काय यायला हवं) आणि प्रोग्रॅम आउटकम यांच्या हिशोबाला 120. व्हिजन, मिशन आणि शैक्षणिक उद्दिष्टं यांना मिळून 60. आणि विद्यार्थ्यांच्या कामगिरीच्या त्या 150 मध्येच प्लेसमेंट, उच्च शिक्षण, उद्योजकता या तिघांना मिळून 40. भिंतीवर टांगलेल्या व्हिजन-मिशनच्या चौकटी आणि त्या कशा ठरवल्या याचे कागद यांचं वजन नोकऱ्यांपेक्षा दीडपट आहे!

ते 40 गुण कसे मिळतात तेही बघण्यासारखं आहे. नोकरी लागलेले, गेट-जीआरईसारखी परीक्षा देऊन पुढे शिकायला गेलेले आणि स्वतःचा व्यवसाय सुरू केलेले, या तिघांची बेरीज करायची आणि शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायचं. तीन वर्षांची सरासरी काढून तिला 40 ने गुणायचं, झालं. पगार कुठेच येत नाही. काम संगणकाचं आहे की क्रेडिट कार्ड विकायचं, हेही येत नाही. आणि हे गुणोत्तर 0.9 वरून 0.5 वर घसरलं तरी कॉलेजचं नुकसान 16 गुणांचं. हजारात 16 गुण फायली नीट लावून कुठूनही भरून काढता येतात.

खरी मेख भाजकात आहे. समजा पहिल्या वर्षाचे 60 आणि डायरेक्ट सेकंड इयरचे (डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले) 6 मिळून 66 जणांची तुकडी आहे. मागे पडून, इयर डाउन होऊन, सोडून जाऊन शेवटच्या वर्षाला पोचले 58. त्यांतल्या 44 जणांना नोकरी लागली आणि 4 जण एमएस-एमटेकला गेले. सूत्राप्रमाणे 48 भागिले 58, म्हणजे 0.83. पण प्रवेश घेताना तुमचं मूल त्या 66 मध्ये असतं, 58 मध्ये नाही. 66 ने भागलं तर 0.73 येतं. जाहिरातीतली '100 टक्के प्लेसमेंट' तर याहून पुढची. तिथे भाजक असतो 'पात्र आणि नोंदणी केलेले विद्यार्थी', आणि अंशात कधीकधी माणसं नसून ऑफर लेटरं असतात, म्हणजे एकाच मुलीच्या तीन ऑफर तीनदा मोजलेल्या. शिवाय ऑफर हातात पडणं आणि कामावर रुजू होणं यांत किती अंतर असू शकतं, ते 2022 च्या तुकडीने भोगलं आहे. मोठ्या आयटी कंपन्यांनी तेव्हा रुजू व्हायच्या तारखा महिनोन्महिने पुढे ढकलल्या होत्या.

मला एसएआरमधला सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो तो त्याच निकषातला, थोडा आधीचा: एकही बॅकलॉग (राहिलेला विषय) न लागता चार वर्षांत पास झालेले. इथे भाजकात प्रवेश घेतलेले सगळे, डायरेक्ट सेकंड इयरसकट, धरावेच लागतात. 66 पैकी 30 जण असे निघाले तर 0.45. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्यांची पहिली चाळणी '60 टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग नाही' अशी असते. त्यामुळे हा आकडा पुढच्या प्लेसमेंटबद्दल जेवढं सांगतो तेवढं प्लेसमेंटचा आकडाही सांगत नाही.

आता कोर्स आउटकमचं प्रकरण. शिक्षकांचा जास्तीत जास्त वेळ यातच जातो. डीबीएमएसचं, म्हणजे डेटाबेसच्या विषयाचं, उदाहरण घेऊ. 'दिलेल्या गरजेवरून ईआर आकृती काढून तक्ते तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत आणता येणं' हे एक आउटकम. ते कोणत्या प्रोग्रॅम आउटकमला किती लागू पडतं, याला 1, 2 किंवा 3 द्यायचे. मग ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त गुण किती जणांना मिळाले ते पाहायचं: 60 टक्के विद्यार्थ्यांना मिळाले तर पातळी 1, 70 टक्क्यांना तर 2, 80 टक्क्यांना तर 3. 66 पैकी 50 जण वर असतील तर 75.8 टक्के, पातळी 2. आणखी तिघे वर गेले की 80.3 टक्के, पातळी 3. तिघांच्या पेपरात एकेक गुण इकडचा तिकडे झाला की अख्ख्या वर्गाची 'रचना करण्याची क्षमता' एका पायरीने चढते.

संलग्न कॉलेजांत याहून मोठी अडचण आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये थिअरीचे 30 गुण इन-सेमचे (सत्राच्या मधल्या परीक्षेचे) आणि 70 एंड-सेमचे (सत्राच्या शेवटी होणाऱ्या). पेपर विद्यापीठ तपासतं आणि कॉलेजला मिळते फक्त बेरीज. कोणत्या प्रश्नाला किती गुण पडले हे कळायचा मार्गच नाही. मग कॉलेज काय करतं? त्या एकाच बेरजेवरून काढलेली पातळी विषयाच्या सहाही आउटकमना चिकटवतं. मुलांना डीबीएमएसमधलं नॉर्मलायझेशन येतं आणि ट्रान्झॅक्शन येत नाही, हा फरक त्या तक्त्यात उमटणं शक्यच नसतं. तक्ता दशांशापर्यंत नेटका असतो एवढंच. यात शिक्षकाचा आळस नाही, हाताशी माहितीच नसते. व्हीजेटीआय किंवा सांगलीचं वालचंद यांसारख्या स्वायत्त कॉलेजांत पेपर घरचेच, त्यामुळे प्रश्नवार गुण असतात आणि हा हिशोब खरोखर करता येतो. करतात का, हा वेगळा प्रश्न.

तिथेही एक ठरलेली पळवाट आहे: गाठायच्या पातळीचं लक्ष्यच खाली ठेवायचं. 3 पैकी लक्ष्य 1.5 आणि गाठलं 1.9, म्हणजे सगळं आलबेल, सुधारणेची गरज नाही. तीन वर्षांच्या तक्त्यांत एकही लक्ष्य हुकलेलं नसेल तर तो विभाग उत्तम असण्यापेक्षा लक्ष्यं सोयीची असण्याची शक्यता जास्त. उलट 'डेटा स्ट्रक्चर्समध्ये लक्ष्य गाठलं नाही, म्हणून लॅबचे दोन तास वाढवले, पुढच्या वर्षी आकडा अमुक झाला' असं लिहिलेलं सापडलं, तर त्या विभागात कुणीतरी खरंच विचार करतंय असं समजायला हरकत नाही.

कंपन्यांचं या सगळ्याशी काही देणंघेणं नसतं. त्या आपली चाचणी आपणच घेतात: अ‍ॅप्टिट्यूड, एका भाषेत दोन प्रोग्रॅम, मग मुलाखतीत एसक्यूएल, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोजेक्टवर प्रश्न. टीसीएसची एनक्यूटी ही भरतीची चाचणी कोणत्याही कॉलेजच्या मुलांना देता येते. हे दुखणं फक्त आपलं नाही. ब्रिटनमध्ये कॉम्प्युटर सायन्सचे पदवीधर इतर विज्ञान-तंत्रज्ञान शाखांपेक्षा जास्त प्रमाणात बेरोजगार राहतात, म्हणून सरकारने संगणकशास्त्रज्ञ नायजेल शॅडबोल्ट यांच्याकडे चौकशी सोपवली. 2016 च्या त्यांच्या अहवालात मानांकनाला नोकरी देणाऱ्यांच्या लेखी फारशी किंमत नसल्याचं आलं, आणि शिकताना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळण्यावर भर दिला गेला.

मग मानांकन कशासाठी पाहायचं? किमान पातळीसाठी. त्या 2015 च्या नमुन्यात विद्यार्थी-शिक्षक प्रमाण 15 ला 1 असेल तर 20 पैकी 20 गुण, 25 च्या वर गेलं की शून्य. कागदोपत्री शिक्षक दाखवणाऱ्या कॉलेजला एनबीएच्या समितीच्या तीन दिवसांच्या भेटीत निदान त्या शिक्षकांना हजर तरी करावं लागतं, आणि समिती विद्यार्थ्यांशी व माजी विद्यार्थ्यांशी वेगळं बोलते. हा वचक खरा आहे.

मात्र निवड करताना कागद स्वतः उघडा. अनेक कॉलेजं एसएआर संकेतस्थळावर ठेवतात. त्यातला विद्यार्थ्यांच्या कामगिरीचा चौथा निकष आधी वाचा, व्हिजन-मिशन खुशाल सोडून द्या. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजची माहिती पीडीएफमध्ये खुली असते: ठरलेल्या मुदतीत पदवी मिळालेले किती, नोकरी लागलेले किती, आणि त्यांच्या पगाराचा मध्यांक. मध्यांक म्हणजे निम्म्या मुलांना त्याहून कमी. फलकावरच्या '44 लाखांच्या पॅकेज'पेक्षा तो कितीतरी कामाचा. अडचण एवढीच की तो सगळ्या शाखांचा मिळून असतो, त्यामुळे कॉम्प्युटरचा आकडा कॉलेजला विचारावा लागतो. विचारताना 'प्लेसमेंट किती?' असं मोघम विचारू नका. मागच्या तुकडीत प्रवेश किती, बॅकलॉगशिवाय पास किती, प्रत्यक्ष रुजू झाले किती, असे तीन आकडे मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच आहे.

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना ही सोयही नाही. तिथे एनबीए येत नाही, फक्त संस्थेची नॅक श्रेणी, आणि तिच्यात मराठी विभागापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळे एकत्र. बीसीए 2024-25 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलं आणि महाराष्ट्रात त्याला सीईटीही लागली, पण मंजुरी आणि मानांकन एक नव्हे, हे वर आलंच.

मानांकनामुळे पदवी परदेशात चालते, हा मुद्दा प्रवेशाच्या वेळी हमखास पुढे केला जातो, तेव्हा तोही सांगून टाकतो. अभियांत्रिकीच्या मानांकित पदव्यांना एकमेकांच्या देशांत मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 13 जून 2014 ला कायम सदस्य झाला हे खरं. पण त्याचा लाभ टियर-1 च्या, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांच्या मानांकित अभ्यासक्रमांनाच आहे. टियर-2 चं मानांकन तिथे चालत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियाला सॉफ्टवेअरच्या कामासाठी जाणाऱ्याची पदवी तपासते ती ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी, आणि ती पाहते तुमच्या पदवीत संगणकाचे विषय किती होते ते. तेव्हा गुणपत्रिकांसोबत आपल्या पॅटर्नच्या सिलॅबसची प्रतही आठव्या सेमिस्टरलाच जपून ठेवा. पॅटर्न बदलला की जुना सिलॅबस संकेतस्थळावर शोधताना नाकी नऊ येतात.